खुरडणारं मढं की धावणारं?

झाँबीपट, म्हणजे उठून माणसांवर चालून येणाऱ्या मढ्यांचा सिनेमा, बघायला बसायचं तर आधी ठरवा: खुरडत येणारा हवा की धावत सुटणारा?

जॉर्ज रोमेरोचा १९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पहिल्या जातीचा. पेनसिल्व्हेनियातलं एक शेतघर, आत सात माणसं, बाहेर मढी. कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरपही खपून गेलं. गंमत म्हणजे ‘झाँबी’ हा शब्द अख्ख्या सिनेमात कुणी उच्चारत नाही! मढी इतकी संथ, की भराभर चालूनही निसटता यावं. पण तळघरात लपायचं की वरच थांबायचं यावरून आतल्यांचीच जुंपते, आणि घात तिथे होतो.

डॅनी बॉयलच्या २००२च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये भांडायलाही सवड नाही. इथले मेलेले नाहीतच, विषाणूने पिसाळलेले जिवंत लोक आहेत. रक्ताचा एक थेंब डोळ्यात पडला, की काही सेकंदांत माणूस हातचा गेला. पहाटे चित्रित केलेला लंडनचा ओस वेस्टमिन्स्टर पूल अंगावर येतो, डिजिटल कॅमेऱ्याच्या भुरकट चित्रामुळे जरा जास्तच.

दचकायचं असेल तर बॉयल लावा. माझं मत मात्र रोमेरोला. रात्री पाणी प्यायला उठलं की आठवतं ते खुरडणारंच.