बोब्रकाचं तेल म्युझियम, वेळ काढून जाच

पोलंडमध्ये क्राकोहून खास क्रोस्नोजवळच्या बोब्रकाला गेलो आणि दिवस सार्थकी लागला. इग्नात्सी वुकाशेविच मूळचा फार्मासिस्ट, त्यानं जमिनीतल्या तेलातून रॉकेल काढलं, दिवा बनवून घेतला आणि ३१ जुलै १८५३ ला ल्विव्हच्या (आता युक्रेनमध्ये) हॉस्पिटलमध्ये त्याच उजेडात रात्रीचं ऑपरेशन झालं, पुढच्याच वर्षी इथे तेलाची खाण सुरू! हातानं खणलेली ५० मीटरची 'फ्रानेक' विहीर चुकवू नका, वाकून बघितलं की काळंभोर तेल दिसतं आणि त्या वासानं मला तर आजीच्या घरचा कंदीलच आठवला, किती वेळ हललोच नाही तिथून. १८७२ ला वुकाशेविचनं स्वतः उभारलेला दगडी स्तंभपण आहे. बरंचसं उघड्यावर, झाडीत आहे, बूट चांगले घाला.