पिटात चिकन आधी शिजवून भरायचं, की कच्चा खिमा भरून भाजायचा?

लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन या पट्ट्यात पिटा (भाजताना फुगून आत खिसा होणारा चपटा पाव) आणि मांसाची जोडी दोन तऱ्हांनी जमते. एक तऱ्हा शवर्म्याची: मसाला लावलेलं चिकन आधी शिजवायचं, मग पिटात घालायचं. दुसरी अरायेसची: कच्चा खिमा पिटात पसरून पिटासकट भाजायचा. अरायेस म्हणजे अरबीत ‘नववधू’. मूळ पदार्थ मटण किंवा बीफचा. चिकनचा अवतार त्यावरून आलेला, आणि तिथेच थोडी अडचण आहे. ती पुढे.

निवड मुख्यतः पिटा कधीचा आहे यावर करावी. आत्ताच भाजलेला मऊ पिटा असेल तर शिजवलेलं चिकन. कालचा, थोडा चिवट झालेला असेल तर अरायेस, कारण त्याला खिम्याचा रस प्यायला हवाच असतो. ताजा पिटा त्या रसाने भिजून फाटतो.

पिटा दोन्हीकडे सारखाच. ५०० ग्रॅम मैदा, ३२० मिली कोमट पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, २ मोठे चमचे तेल. दहा मिनिटं मळून दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा. उन्हाळ्यात पाऊण तासही पुरतो. आठ गोळे करा, पंधरा मिनिटं विसावू द्या, मग पाच-सहा मिलिमीटर जाड लाटा आणि पुन्हा दहा मिनिटं झाकून ठेवा. ओव्हन २५० अंशांवर, आत उलटा ट्रे किमान अर्धा तास तापलेला. त्यावर ३ ते ५ मिनिटं. ओव्हन नसेल तर लोखंडी तवा कडक तापवून फुलक्यासारखा भाजा, खिसा तरीही होतो.

फुगला नाही तर कारण बहुधा यांपैकीच एक: कडा पातळ आणि मध्य जाड लाटला गेला, वरची साय वाळली, किंवा ट्रे पुरेसा तापला नव्हता. वाफ एकदम धरली गेली तरच दोन पदर सुटतात. भाजल्याबरोबर फडक्यात गुंडाळा, नाहीतर कडक होईल. न फुगलेला पिटा फेकू नका. शवर्म्याचं चिकन त्यात गुंडाळून खाता येतं. लेबनॉनमध्ये शवर्मा पातळ रोटीत गुंडाळूनच देतात. अरायेससाठी मात्र खिसा हवाच.

शिजवलेलं चिकन. ६०० ग्रॅम बोनलेस मांडी घ्या. छातीचं मांस तव्यावर कोरडं पडतं. १०० ग्रॅम घट्ट दही, २ मोठे चमचे लिंबाचा रस, लसणाच्या ६ पाकळ्या, दीड चमचा मीठ, २ चमचे जिरेपूड, चमचाभर धनेपूड, चमचाभर काश्मिरी तिखट, अर्धा-अर्धा चमचा दालचिनी, हळद आणि ऑलस्पाइस. (ऑलस्पाइस म्हणजे मिऱ्यासारख्या दाण्यांचा एकच मसाला, मिश्रण नव्हे. दुकानात तो मागितला की पुष्कळदा कबाबचिनी म्हणून पुडी मिळते. खरी कबाबचिनी वेगळी, तिला छोटी शेपटी असते.) चार तास मुरवा. शिजवताना दह्याचा जाड थर झटकून टाका आणि तुकडे दोन खेपांत घाला. एकदम घातले की पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. सहा पिटांना एवढं पुरतं. सोबत ताहिनी (तिळाची पेस्ट), लिंबू आणि पाण्याचा सॉस. पाणी पडताच ताहिनी आधी गच्च होते, घाबरू नका, आणखी घालत राहा.

अरायेस. ५०० ग्रॅम खिमा, शक्यतो मांडीचाच, २ मोठे चमचे तेल, सव्वा चमचा मीठ, तेच कोरडे मसाले निम्मे, मूठभर पार्सली किंवा कोथिंबीर, आणि किसून घट्ट पिळलेला एक मोठा कांदा. पिळण्यात आळस केला तर पिटा हमखास फुटतो. चार पिटा अर्धे कापून आठ खिशांत खिमा कडेपर्यंत पसरा.

आता ती अडचण. चिकन मधोमध ७४ अंशांपर्यंत शिजायलाच हवं, आणि मोठ्या आचेवर पिटा त्याआधीच करपतो. म्हणून थर एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको. बाहेरून तेलाचा हात फिरवा, मध्यम आचेवर कापलेली बाजू आधी दोन मिनिटं टेकवा, मग प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं. थर्मामीटर नसेल तर एक मधोमध कापून बघा. गुलाबी दिसला तर सगळे झाकण ठेवून मंद आचेवर आणखी तीन मिनिटं.

घाई असेल तर अरायेस सोपे, मुरवणं नाही. पाहुणे एकेक करून जेवणार असतील किंवा डबा द्यायचा असेल तर शिजवलेलं चिकन: ते वेगळं ठेवता येतं, पिटा ऐन वेळी गरम करून भरता येतो. अरायेस भरून ठेवू नयेत, तासाभरात पाव चिकट होतो. आणि भाजलेले तव्यावरून उतरल्या उतरल्याच खावेत.