असरचं वाचनाचं पान : फुकट आहे, कामाचं आहे, एक स्टार कापलाय

झेडपीच्या मास्तरांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. मी धडगाव तालुक्यात आहे, सातपुड्यात. नंदुरबार जिल्हा म्हणजे २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात सगळ्यात खाली, ६४ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे आमच्याकडे 'गुणवत्ता' हा शब्द मीटिंगमध्ये रोज ऐकायला मिळतो.

असर म्हणजे 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा सर्व्हे, गावातल्या मुलांना किती वाचता येतं, गणित येतं ते बघणारा. त्याचं टूल म्हणजे प्रथमवाले २००५ पासून या सर्व्हेत घरोघरी जाऊन मुलांपुढे धरतात ते पान. 'पाचवीच्या पोरांना दुसरीचं वाचता येईना' ही बातमी यावरूनच येते. २०१८ ला ग्रामीण भारतात पाचवीतली ५०.५ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचत होती, कोरोनानंतर २०२२ ला ४२.८.

पानावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, बस्स एवढंच. आधी उतारा द्यायचा, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, पाचातले चार आले तर ठीक नाहीतर अक्षरांवर यायचं. एका पोराला पाचेक मिनिटं लागतात.

खरी गंमत वापरल्यावर कळते. माझ्याकडे चौथीतला एक पोरगा पुस्तकातला धडा घडाघडा वाचायचा, पाहुणे आले की मी त्यालाच उभा करायचो, हे पान पुढे ठेवलं तर गडी शब्दांवरच अडकला, मग परत पुस्तक दिलं आणि नीट बघितलं तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर! अख्खा धडा पाठ. आमच्या घटक चाचणीत असली पोरं आरामात पास होतात कारण प्रश्न त्याच धड्यावर असतात.

आता वर्ग न बघता पातळी बघून गट पाडतो, रोज तासभर, पाचवीची पोरगी तिसरीच्या पोरांसोबत शब्द खेळते. सुरवातीला लाजतात, मग विसरतात. यात मला खरंच फरक दिसला.

स्टार कापला तो भाषेसाठी. पान पुस्तकी मराठीत आहे आणि आमची पोरं घरी पावरी बोलतात. उतारा सरळ वाचून काढतात पण काय वाचलं विचारलं तर गप्प. पान त्याला 'वाचता येतं' म्हणणार, मी काय म्हणू? मी आता वाचून झालं की पावरीत सांगायला लावतो, वर्गातल्या मोठ्या पोरी मला समजावतात (माझी पावरी अजून हसण्यासारखीच आहे).

आणि दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला गुजरातेत जातो, थेट उन्हाळ्यात परततो. दिवाळीआधी उताऱ्यावर आलेलं पोरगं परत शब्दांवर असतं. हा काही पानाचा दोष नाही, पण वर आकडा पाठवायच्या फॉर्ममध्ये 'स्थलांतर' असा रकानाच नसतो, तिथे नुसती टक्केवारी मागतात आणि मग लोक काय भरतात ते तुम्हाला माहितीये. असरमध्ये घरी जाऊन तपासतात, शाळेच्या पटावर अवलंबून राहत नाहीत, हे मला म्हणूनच पटतं.

गणिताचंही पान आहे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी भागिले एक अंकी. ठीक आहे. पोरं बाजारात हिशोब तोंडी चोख करतात आणि कागदावर तीच वजाबाकी चुकवतात, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

प्रिंट काढताना एकच नमुना काढू नका, दोनतीन वेगवेगळे काढा, नाहीतर रांगेतलं दुसरं पोर पहिल्याचं ऐकूनच गोष्ट म्हणून दाखवतं. आणि झेरॉक्सवाला लॅमिनेशन करून देऊ का विचारेल, नको म्हणा. ओट्यावर उन्हात ते एवढं चमकतं की पोरांना अक्षर दिसत नाही, जाड कार्डशीट बरी.