तपासणीसाठी घरी रक्त द्यायचंय: ॲपवरून की नाक्यावरच्या लॅबकडून?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या आणि घरात सत्तरीपुढचं माणूस असणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडतोच. ॲपवर पहाटेचा स्लॉट मिळतो आणि पॅकेज स्वस्तात पडतं. नाक्यावरच्या लॅबला फोन केला तर "येतो आठपर्यंत" एवढंच उत्तर. किमतीत ॲप जिंकतं. पण किंमत नंतर बघा. रक्त काढल्यापासून ते लॅबच्या सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) फिरेपर्यंत किती वेळ जाणार, हे आधी विचारा.

ॲपवाला कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत घरं करत सॅम्पल गोळा करतो, मग ती सेंटरवर पोहोचतात. तोवर साध्या ट्यूबमधल्या रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. म्हणून शुगरला करड्या झाकणाची, हे खाणं रोखणाऱ्या फ्लोराइडची ट्यूब लागते. पोटॅशियमचं उलट. ते पेशींतून बाहेर झिरपतं आणि आकडा फुगतो. ट्यूब थेट बर्फावर ठेवली तर आणखीच. किडनीचा त्रास असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये असा आकडा आला की घरात नुसती धावपळ. थायरॉइड, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), व्हिटॅमिन डी यांना तेवढी घाई नसते, त्या खुशाल ॲपवरून करा. पोटॅशियम आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) मात्र मी जवळच्या लॅबकडेच देईन.

हाताच्या सफाईचं मात्र असं सरळ नाही. ॲपवाला सीलबंद किट, ग्लोव्हज, बारकोड घेऊन येतो, पण दर वेळी नवा माणूस. लॅबच्या मुलाला आजींची कुठली शीर लागते ते पाठ असतं, तीन वेळा टोचावं लागत नाही. त्याच्या सवयी मात्र बघून घ्याव्या लागतात. ग्लोव्हज नसतात, वापरलेल्या सुईला परत टोपण लावतो, ट्यूबवर नाव "लॅबमध्ये टाकतो" म्हणतो. हे चालवून घेऊ नका. रक्त काढल्यावर तिथेच, पेशंटसमोर नाव लिहायला हवं. त्याआधी पेशंटनेच आपलं पूर्ण नाव सांगायचं. "पाटील आजोबाच ना?" याला अर्धवट झोपेतलं कुणीही हो म्हणेल.

दंडावरचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त वेळ नको. मूठ उघडझाप करायला लावली तर पोटॅशियम पुन्हा फुगतं. स्पिरिट वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. ट्यूबचाही क्रम असतो. आयएनआरची निळी आधी आणि खुणेपर्यंत पूर्ण भरलेली, जांभळी शेवटाकडे. जांभळीतलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, पुढच्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं. सुई कडक पांढऱ्या डब्यात जायला हवी, आणि रक्ताचा कापूस त्याने सोबत न्यायचा. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत. सोसायटीच्या ओल्या-सुक्या डब्यात हे टाकायचं नसतं.

अमोनिया किंवा धमनीतलं रक्त असेल तर दोन्ही सोडा, सरळ हॉस्पिटल गाठा.

राहिली जेवणानंतरची शुगर. पहिल्या घासापासून दोन तास मोजतात. ॲपची दुसरी फेरी नेमकी त्या वेळेला येईल की नाही, हे घोडबंदरच्या ट्रॅफिकच्या हातात. नाक्यावरचा मुलगा स्कूटर काढून पाच मिनिटांत येतो, आणि नाहीच आला तर फोन करून ओरडता तरी येतं.