दुसऱ्या गाडीला ‘चालवाल तेवढे भरा’ विमा: अकरा महिन्यांनंतर

गेल्या मंगळवारी रात्री पावणेबाराला मी पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च धरून डॅशबोर्डकडे बघत बसलो होतो. पॉलिसी संपत आलेली. नूतनीकरणासाठी अ‍ॅपला किलोमीटरच्या आकड्याचा फोटो हवा, तोही चालू गाडीचा. आणि बॅटरी ठार झोपलेली. हल्लीच्या गाड्यांत आकडा स्क्रीनवर दिसतो, बॅटरी गेली की तोही गेला. जी गाडी कमी चालते तिच्यासाठीच ही योजना, आणि कमी चालणाऱ्या गाडीचीच बॅटरी बसते, हे योजना आखणाऱ्याच्या डोक्यात कसं आलं नाही?

रोजची गाडी ऑफिसला जाते. ही नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, १,२०० सीसी. विकायला काढली तर भंगाराच्या वर थोडेसे मिळत होते, म्हणून ठेवली. विमा नियामक आयआरडीएआयने २०२२ च्या जुलैत किलोमीटरवर आधारित कव्हरला परवानगी दिल्यापासून माझा डोळा त्यावर होता. ५,००० किमीचा स्लॅब घेतला, म्हणजे वर्षाला तेवढीच मर्यादा. घेतानाही फोटो तीनदा नाकारला: एकदा काचेवर चमक, एकदा मी चुकून ट्रिप मीटरचा काढला, तिसऱ्यांदा कारणच नाही.

आता हिशेब. पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो, की पैसे वाचवले. मग पॉलिसीचा कागद नीट वाचला. सवलत फक्त ओन डॅमेजवर (ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग). थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या भागाचे, ३,४१६ रुपये तसेच. गाडी वर्षभर झाकून ठेवली तरी तेवढेच. ओडीचा हप्ता २,४०० चा १,९२० झाला. म्हणजे वाचले ४८०. त्यासाठी एवढी फोटोग्राफी.

उलट खरी बचत झाली ती एका टिकमार्कने. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात कव्हर रोजच्या गाडीवर आधीच आहे, ते दुसऱ्या गाडीवर पुन्हा घ्यावं लागत नाही. ऑनलाइन फॉर्मवर मात्र ते आपोआप टिक केलेलं असतं. मी काढलं, ३२५ रुपये वाचले, फोटो एकही नाही. एजंटकाकांनी मागची तीन वर्षं दोन्ही गाड्यांवर ते लावलं होतं. विचारलं तर म्हणाले, “साहेब, असू द्या, सेफ्टी आहे.” सेफ्टी कोणाची ते कळलं. (दुसरी गाडी बायकोच्या नावावर असेल तर हे चालत नाही, तिचं कव्हर वेगळं लागतं.)

सहाव्या महिन्यात कोणीतरी रिव्हर्स घेताना मागचा बंपर फोडून गेला. क्लेम करायला निघालो आणि गॅरेजच्या पावतीच्या पाठीवरच आकडेमोड केली. बंपर ३,६०० चा. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही, त्यामुळे प्लास्टिकवर ५० टक्के घसारा. उरले १,८००, त्यातून प्रत्येक क्लेमला आपण सोसायचे सक्तीचे १,००० वजा. हाती ८००. आणि त्यापायी ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) शून्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी ओडीचा हप्ता जवळपास दुप्पट. पेन खिशात घातलं, बंपर स्वतःच्या पैशाने बसवला. तेव्हा मनात आलं, मग ओडी घ्यायचंच कशाला? नुसतं थर्ड पार्टी पुरे. पावसाळ्यात शेजारच्या इमारतीत झाड गाडीवर आडवं झालेलं पाहिलं आणि तो विचार तिथेच सोडला.

अकरा महिन्यांत गाडी चालली ३,१४० किमी. उरलेल्यांचे पैसे माझ्या पॉलिसीत परत मिळत नाहीत.

तर मंगळवारी शेवटी रोजची गाडी शेजारी आणली, जंपर केबल लावली, आकडा उजळला, फोटो काढला. बाराला चार मिनिटं असताना पाठवला. सकाळी मेसेज: फोटो अस्पष्ट, पुन्हा पाठवा.

पाठवला. आणि हो, पुन्हा तोच ५,००० चा स्लॅब घेतला, ४८० रुपये सोडवत नाहीत. आता बॅटरी बसू नये म्हणून दर रविवारी चार किलोमीटरची फेरी मारतो. तीही स्लॅबमध्ये धरली जाते.