इंजिन घरी साफ करण्याचा अनुभव : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत

रत्नागिरीत गाडी ठेवायची म्हणजे बोनेटखाली तांबडी धूळ आणि खारा वारा आलाच. आमची गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची, दहा वर्षं वापरलेली. दिवाळीनंतर तिचं इंजिन मी घरीच साफ करू लागले. आता पावसाळा सरत आलाय आणि माझं मत पक्कं झालंय, की पाइप लावून इंजिन धुवायची काही गरज नाही. फवारणीचा छोटा पंप, ब्रश आणि ओलं फडकं एवढ्यात काम होतं.

सामान साधं आहे. पाण्यात मिसळून वापरायचा डीग्रीझर (तेलकट मळ सोडवणारा द्रव), बागेच्या दुकानात मिळणारा दोन लिटरचा पंप, रंगकामाचे दोन ब्रश, जुना टूथब्रश आणि मायक्रोफायबरची फडकी. ब्रशच्या पत्र्यावर चिकटपट्टी गुंडाळून घ्यायची, म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलला पत्रा टेकत नाही आणि रंगावर ओरखडे येत नाहीत.

आपल्याकडे अजूनही कित्येक ठिकाणी डिझेल किंवा रॉकेल मारून इंजिन चकाचक करून देतात. पहिले दोन दिवस ते सुंदर दिसतं. पण त्याने रबराचे पाइप आणि सील फुगतात, वर राहिलेल्या तेलकट थरावर धूळ आणखी चिकटते, आणि गरम एक्झॉस्टशेजारी पेट घेणारी वस्तू फवारणं हा सरळसरळ धोका आहे. हे कोणीही करू नये असं मला मनापासून वाटतं.

मी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर काम करते. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो आणि डीग्रीझर तिथल्या तिथे सुकून डाग पडतात. आधी दहाच्या पान्ह्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. काही गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो, त्यामुळे ही पायरी कधीच गाळायची नाही. मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), फ्यूज बॉक्स आणि हवा आत घेणारं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधायचं. सगळ्यात जपायचं ते स्पार्क प्लगवरच्या, त्यांना वीज देणाऱ्या कॉइलना. त्यांच्याखाली प्लगच्या खोल विहिरी असतात. तिथे पाणी साचलं की स्पार्क नीट पडत नाही आणि गाडी झटके देत चालते. म्हणून कॉइलजवळ मी इंजिनवर फवारतच नाही. द्रव ब्रशवर घेते, घासते आणि लगेच पुसते. बाकी भागावर तीन-चार मिनिटं ठेवून ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं. शेवटी पिशव्या काढायच्या, वायर जोडायची आणि बोनेट उघडं ठेवून गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची, तीही उघड्यावर. बंद गॅरेजात धुराने जीव जाऊ शकतो.

या सगळ्याचं खरं फळ मला फेब्रुवारीत मिळालं. आधी टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, कडेला काळा चिखल होता, त्यात काही कळायचं नाही. तो निघाल्यावर आठवड्याभरात त्याच कडेवर, एक्झॉस्टच्या बाजूला, केसाएवढी बारीक ओली रेघ दिसू लागली. पुसली की दोन दिवसांत पुन्हा यायची, आणि सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास. मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, पॅकिंग कडक झालंय. बरं झालं लवकर आणलीत." रबरी पॅकिंग बदललं, वास गेला, कड अजून कोरडी आहे. इंजिन स्वच्छ ठेवायचं ते यासाठी.

काही महिन्यांनंतर कळलेल्या गोष्टीही सांगते. पंपात डीग्रीझर तसाच ठेवला तर वॉशर फुगतो आणि दांडा अडकतो. काम झालं की साधं पाणी भरून एकदा फवारून टाकायचं. डीग्रीझर कडक मिसळला तर अॅल्युमिनियमवर पांढुरके डाग येतात. एकाला दहा हे प्रमाण मला पुरतं, पण डब्यावर जे लिहिलंय ते आधी वाचा. बॅटरीच्या टर्मिनलवर येणारी पांढरी-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने जाते. फक्त ते पाणी बॅटरीत जाता कामा नये. कोरडं करून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला की खाऱ्या हवेतही टर्मिनल टिकतं. प्लॅस्टिकला चमक आणणारं सिलिकॉनचं पॉलिश मी लावून बघितलं आणि बंद केलं, कारण धूळ बसते. इंजिनच्या रबरी पट्ट्याला तर कुठलंच पॉलिश लागू द्यायचं नाही, पट्टा घसरतो.

पावसाळ्यात वायपरखालच्या जाळीतला पाला दर आठवड्याला काढायचा, नाहीतर पाणी तुंबतं. आणि हातमोजे हवेतच. बोनेटखाली उंदीर फिरतात, कोकणात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) साथ दर पावसाळ्यात ऐकू येते, आणि हाताला बारीक चीर असली तरी तो आजार आत शिरतो. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाने ओल्या करून पुसून घ्या.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर जाड केशरी वायरींना हातच लावू नका, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

डीग्रीझरचा डबा आता तळाला आलाय, तोच पुन्हा आणणार. पंप मात्र पितळी नोझलचा घेणार आहे. प्लॅस्टिकच्या नोझलची धार आता एका बाजूला पडते, आणि फवारा कॉइलवर उडू नये म्हणून ती नेमकीच पडायला हवी.