केबल काढल्यावर गोव्याच्या बातम्या कुठे बघायच्या: फ्री डिश की यूट्यूब?

केबल बंद करायचा विचार आजकाल बऱ्याच घरांत चालू आहे आणि गाडी दरवेळी एकाच ठिकाणी अडते. सिरीयल, सिनेमे, क्रिकेट कुठूनतरी मिळतं, पण संध्याकाळच्या गोव्याच्या बातम्यांचं काय? मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो, केबल सोडून बरीच वर्षं झाली, आधी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनपैशांची छत्री, लावली, मग इंटरनेटवर आलो, आणि डिश अजून भिंतीवर आहे, चालूही आहे. म्हणजे दोन्ही वापरून लिहितोय. तुमचं घर वेगळं, आजूबाजूची झाडं वेगळी, त्यामुळे तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, हे आधीच मान्य.

छपरावरच्या जुन्या अँटेनाचं आधी मिटवून टाकू, कारण अजून लोक विचारतात. तो विषय संपलाय. दूरदर्शनचे ते जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर प्रसार भारतीने हळूहळू बंद केले आणि मार्च 2022 पर्यंत जवळजवळ सगळेच गेले. नवा अँटेना आणून पैसे घालू नका. उरले दोन मार्ग, फ्री डिश आणि यूट्यूब.

फ्री डिशचं चांगलं आधी सांगतो कारण चांगलं खरंच बरंच आहे. छत्री, डबा, वायर आणि बसवणाऱ्याचे पैसे एकदाच द्यायचे, साधारण दोन हजारांच्या आसपास, आणि मग रिचार्ज नाही, पॅक नाही, महिनाअखेरीला कोणी दारात येत नाही. 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनने हे डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू केलं तेव्हापासून आजपर्यंत महिन्याचे पैसे लागलेले नाहीत. 2019 मध्ये गोव्यासकट अकरा राज्यांची दूरदर्शनची स्वतःची चॅनलं यावर आली, त्यामुळे डीडी गोवा घरबसल्या दिसतं, बातम्या दिसतात, आणि त्या शांतपणे सांगितलेल्या असतात, चार माणसं एकमेकांवर ओरडत नाहीत. आमच्या आईला हे फार आवडतं. तिला रिमोटवरचा नंबर पाठ आहे, दाबला की चॅनल लागलं, मध्ये काही नाही. मराठीसाठी डीडी सह्याद्री आहेच. डबा घेताना एवढंच बघा की एमपेग-फोरवालाच (सिग्नल उलगडायची नवी पद्धत असलेला) घ्यायचा, कोणी स्वस्तात जुना एमपेग-टूवाला गळ्यात मारला तर अर्धी चॅनलं दिसणारच नाहीत.

आता जे नाही ते. आपण गोव्यातले लोक ज्याला 'आपली चॅनलं' म्हणतो ती, प्रुडंट, गोवा 365, इन गोवा वगैरे, फ्री डिशवर नाहीत. बाकी खाजगी चॅनलांच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो, त्यामुळे आज दिसणारं मराठी चॅनल पुढच्या एप्रिलमध्ये असेलच असं धरून चालू नका. माझ्यासाठी गोव्याची चॅनलं नसणं ही मोठी उणीव आहे, कारण खरी स्थानिक बातमी तिथेच असते. ग्रामसभेत डोंगर कापण्यावरून झालेली खडाजंगी असो, झोन बदललेल्या जमिनीसमोर उभे राहिलेले लोक असोत, किंवा खाणी. 2018 साली सुप्रीम कोर्टाने लीझ रद्द केल्यापासून आमच्या डिचोलीत खाणींचं पुढे काय होणार, ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, धूळ कोणाच्या घरात येणार हा रोजचा विषय आहे, आणि तो मुंबईच्या चॅनलवर कोणी दाखवत नाही. दूरदर्शनवर मंत्र्यांचा कार्यक्रम आणि योजना नीट कळतात, पण ग्रामसभेत कोण उठून काय बोललं ते नाही कळत.

तरीसुद्धा, नुसत्या चॅनलांच्या यादीवरून मी बदललो नसतो. मला बदलायला लावलं ते माडांनी.

फ्री डिशचा उपग्रह म्हणजे जीसॅट-15, तो 93.5 अंश पूर्वेला आहे. गोव्यातून बघितलं तर तो आग्नेयेला येतो आणि जमिनीपासून साधारण साठ अंश वर, म्हणजे चांगला उंच. शहरातल्या गच्चीवर याचा काही प्रश्न नाही. आमचं घर कौलारू, गच्ची नाही, छत्री बाल्कांवाच्या, म्हणजे ओसरीच्या, बाजूच्या भिंतीवर, आणि आग्नेयेला कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. बसवली तेव्हा उन्हाळा होता, नुकतीच पाडप (नारळ उतरवणं) झालेली, पाडेल्याने सुकी चुडतं (झावळ्या) काढून टाकलेली, चित्र आरशासारखं. मग पावसाआधीचा वारा सुटला. डब्याच्या मेनूत सिग्नलचे दोन पट्टे असतात, एक स्ट्रेंग्थचा आणि एक क्वालिटीचा. वारा नसला की दोन्ही हिरवे. वाऱ्याची झुळूक आली, माडाचं शेंड्याचं चुडत डावीकडून उजवीकडे गेलं, की क्वालिटीचा पट्टा धाडकन खाली, चित्राचे चौकोन चौकोन, निवेदिकेचं अर्धं वाक्य गायब, चुडत परत गेलं की पट्टा वर, आणि तोपर्यंत पुढची बातमी सुरू झालेली. मी पट्टा स्क्रीनवर ठेवून खिडकीतून माडाकडे बघत बसलो आहे, अगदी ताल धरून चालतं ते.

यावर उपाय काय, तर छत्रीची जागा बदला किंवा माड कापा. जागा बदलून बघितली, एका माडाच्या तावडीतून सुटलो तर दुसरा आडवा आला आणि त्याच्या पलीकडे शेजाऱ्यांचा फणस. आणि नारळ धरणारा माड टीव्हीसाठी कोण कापतो हो? 2016 साली सरकारने माडाला कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बाहेर काढलं तेव्हा गोवाभर केवढा गदारोळ झाला होता, 2017 मध्ये त्याला परत झाड म्हणून आत घ्यावं लागलं. त्या सगळ्या बातम्या आम्ही तावातावाने बघितल्या आहेत, आणि आता बातम्या बघायला म्हणून माडावर कोयता चालवायचा हे आमच्या घरात कोणाच्याही मनाला पटणारं नव्हतं.

बरं, वाऱ्याचं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण जून ते सप्टेंबर गोव्यात सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी-सांग्याकडे त्याहून जास्त, आणि हे सिग्नल येतात केयू बँडवर, 11-12 गिगाहर्ट्झच्या घरात, जिथे जोराचा पाऊस लाटा शोषून घेतो आणि विखरून टाकतो. हा काही फ्री डिशचा दोष नाही, पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचंही तेच होतं. रिपरिप पावसात चालतं. पण आभाळ फाटल्यासारखा कोसळायला लागला की स्क्रीनवर 'नो सिग्नल'.

आणि नेमका तेव्हाच तर बातम्यांचा जीव असतो! स्थानिक बातमी मला कधी हवी असते ते मी नीट विचार करून बघितलं. अंजुणे धरणाचं पाणी सोडलं का, साखळीत वाळवंटी नदीची पातळी किती वाढली, चोर्ला घाटात दरड आली का, उद्या शाळांना सुट्टी आहे का. हे सगळे प्रश्न धो धो पावसातलेच आहेत. 2024 च्या जुलैत सत्तरीतल्या पाली धबधब्यावर लोक अडकले होते, नंतर सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं, त्या दिवशी ज्यांच्या घरची पोरं भटकायला गेली होती त्यांना पाऊस ओसरल्यावर बातम्या बघून काय उपयोग? बाकी आठ महिने डिश सुरेख चालते, मी नाही म्हणत नाही, पण बातमीची सगळ्यात जास्त गरज असते त्या तासाला ती नसते. माझ्या दृष्टीने तराजू इथेच झुकला.

आता यूट्यूब. खर्चाचं स्पष्ट बोलू, हे 'फुकट' तेव्हाच जेव्हा घरात वायफाय आधीपासून आहे, पोरांच्या अभ्यासासाठी म्हणा किंवा कोणाच्या कामासाठी. फक्त बातम्यांसाठी ब्रॉडबँड घ्यायचं तर केबल परत घेतलेली काय वाईट. मोबाइल डेटावर बघायचं असेल तर 480पी वर (मध्यम क्वालिटीच्या चित्रावर) तासाला साधारण अर्धा जीबी धरा, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये अर्ध्या तासाच्या बातम्या आरामात बसतात, आणि क्वालिटी अजून खाली आणली तरी बोलणं व्यवस्थित ऐकू येतं. गोव्याच्या जवळजवळ सगळ्या चॅनलांच्या बातम्या इथे आहेत, गोवन वार्ता लाइव्हसारखी मराठीतून सांगणारी आहेत, विधानसभा चालू असली की ती थेट दिसते, आणि कामावरून उशिरा आलात तरी आठची बातमी साडेनऊला बघता येते. दुकान बंद करून घरी पोचणाऱ्या माणसाला ही सोय किती मोठी आहे ते त्यालाच कळेल, डिशवर वेळ गेली की बातमी गेली.

त्रास नाही असं नाही. जाहिराती येतात, बातमी संपली की आपोआप भलतंच काहीतरी सुरू होतं, आणि सगळ्यात जपायचं म्हणजे जुनी बातमी. 'मुसळधार पावसामुळे शाळांना सुट्टी' असं लिहिलेला गेल्या वर्षीचा व्हिडिओ यंदाच्या पावसात फिरत असतो, घरच्या ग्रुपवरही येतो, आणि शीर्षकात तारीख नसते. म्हणून व्हिडिओखाली किती दिवसांपूर्वीचा आहे ते बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय घरात सगळ्यांनाच लावावी लागते. मोठ्या माणसांसाठी मी असं केलंय की टीव्हीवर वेगळं अकाउंट उघडून त्यात फक्त गोव्याची चॅनलं सबस्क्राइब करून ठेवली आणि ऑटोप्ले बंद केलं. रिमोटवरचा माइक दाबून 'गोवा बातम्या' म्हटलं तरी चालतं. आई अजून डिशच्या नंबरावरच खूश आहे, पण पाऊस लागला की स्वतःच म्हणते, 'बाबा, ते तुझं लाव.'

लाइट गेली की काय, हा प्रश्न येणारच, पावसात आपल्याकडे फांदी तारेवर पडायला वेळ लागत नाही. तेव्हा टीव्ही बंद, डिशचा डबा बंद, राउटरही बंद. इथे मोबाइल कामाला येतो, टॉवर टिकून असेपर्यंत तरी. आणि टॉवरही गेला तर सेलवरचा रेडिओ. आकाशवाणी पणजीच्या कोकणी आणि मराठी बातम्या अजून लागतात, थोडक्यात आणि कामाचं सांगतात. टीव्हीच्या चर्चेत रेडिओ कशाला असं वाटेल, पण पावसाळ्यात एक घरात असू द्या, त्याला ना वायफाय लागतं ना आभाळ मोकळं लागतं.

तर मला विचाराल तर घरात इंटरनेट असेल आणि तुम्ही माडाफणसांत राहत असाल, तर नवीन डिशवर पैसे घालण्याआधी एक पावसाळा यूट्यूबवर काढून बघा. बहुतेक डिशची आठवण येणार नाही. पण गावी आईवडील दोघंच आहेत, स्मार्ट टीव्ही नाही, मोबाइलला रेंज एका खिडकीतच येते, अशी घरं आपल्याकडे खूप आहेत, तिथे डोळे मिटून फ्री डिश लावा. पणजी-म्हापशाच्या फ्लॅटमध्ये गच्ची मोकळी असेल तर मग दोन्ही ठेवायलाही हरकत नाही, एकदाचा तर खर्च आहे.

लावायचीच असेल तर बसवणाऱ्याला बोलावण्याआधी हे करून बघा. मार्चच्या मध्यावर किंवा सप्टेंबर संपता संपता, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य आकाशात साधारण त्याच जागी असतो जिथे हा उपग्रह आहे. त्या वेळी छत्रीची जी जागा ठरवली आहे तिथे जाऊन उभं राहायचं. स्वच्छ ऊन अंगावर पडलं तर वाट मोकळी आहे, बिनधास्त लावा. चुडताची सावली भिंतीवर हलताना दिसली तर दोन पावलं सरकून परत बघा, आणि अंगणभर फिरूनही सावली सुटत नसेल तर ते दोन हजार वाचवा.